जांभळावर चढायचा पट्टा

बदलापूर, शुक्रवार संध्याकाळ

जांभळाचा हंगाम तोंडावर आलाय. यंदा पट्टा बांधल्याशिवाय ह्यांना झाडावर चढू द्यायचं नाही, हे मी ठरवलंच होतं. म्हणून कॅम्प दोनच्या बाजारातून कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा शिवून आणला. शिवणारा म्हणाला होता, "अंदर दो उंगली जानी चाहिए, बस."

आज परसातल्या जांभळाला दोर बांधून ह्यांना जमिनीपासून हातभर वर लटकवलं. मांडीपाशी बोटं घातली, तर अख्खी मूठ आत गेली. कमरेलाही तेच.

"अगं, सैल शिवलाय त्याने. परत देऊन ये," हे हसत म्हणाले. मीही त्या माणसाला चार शिव्या घातल्या.

पण मापाला मीच ह्यांची पँट नेली होती ना? दिवाळीत घेतलेली, तेव्हा अंगाला घट्ट बसणारी. आत्ता ती पट्ट्यावर ठेवून पाहिली. बरोबर जुळली. पुन्हा पाहिली. तरी जुळली.

अख्खी मूठ! रोज डोळ्यांसमोर असतात, तरी मला कसं दिसलं नाही?

पट्ट्यात काही खोट नाही. उद्या ह्यांना काय सांगून दवाखान्यात नेऊ?