तुमचा तो महारुद्र

प्रिय अहो,

शेंगाचटणीच्या डब्यावर हे पत्र ठेवून पार्सल ट्रॅव्हल्सवाल्याकडं दिलंय. फोनवर हे बोलता आलं नसतं. फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता आणि मी तेवढ्यावर समाधान मानते. आधी घरचं सांगते. मामांचा गुडघा आता बरा आहे, पण तुमचेच वडील ते, ऐकत नाहीत, गल्ल्यावरून उठून स्वतःच भाकरी वाढायला जातात. ढाब्यापुढं नवा पत्रा घातला, त्यामुळं बाजांवर दुपारची सावली राहते. आई मुरुमहून येऊन गेली. जावई पुण्यात कंपनीत आहेत हे तिनं आमच्या वाढप्यालासुद्धा सांगितलं.

आता मुद्द्याचं लिहिते. तुमच्या त्या महारुद्राचं नाव निघालं की माझा जळफळाट होतो. रणगाड्यांच्या गेममध्ये तो तुमचा जोडीदार झाल्यापासून तुमच्या तोंडी दुसरा माणूस नाही. महारुद्राचा नेम असा, महारुद्राचा धीर तसा. मागच्या सोमवारी मी फोनवर गव्हाच्या गोड हुग्गीचं सांगत होते, मामांनी दोनदा मागून घेतली म्हणून, तर तुम्ही म्हणालात, 'महारुद्र वाट बघत आसंल, ठेवू का?' माझ्या स्वयंपाकाला गेल्या वर्षभरात तुम्ही कधी असं नावाजलं नाही, जसं त्याच्या एका तोफगोळ्याला नावाजता. आणि अहो, तो तर तेव्हा फोन कानाला लावून हुग्गीचंच सांगत होता.

होय. महारुद्र म्हणजे मीच.

दिवाळीला आलात तेव्हा मी फराळाचं ताट घेऊन शेजारी उभी आणि तुमचं डोकं फोनमध्ये. असं काय आहे त्यात ते एकदा बघावं म्हणून तुम्ही गेल्यावर मी तो गेम माझ्या फोनवर घेतला. नाव मागितलं, तर समोर उभ्या ट्रकच्या कपाळावर होतं तेच टाकलं. दुपारी गिऱ्हाइकाची गर्दी ओसरते आणि तुमची पहिली पाळी सुटते, वेळ आपोआप जुळली. तुमचं खातं शोधलं आणि मागं लागले. माइक बिघडलाय असं सांगितलं आणि सगळं टाइप करत राहिले, 'आलो', 'बसलो', 'थांब रे'. तुम्हाला 'थांब रे' म्हणायला लई मजा आली, ते कबूल करते.

पण तुम्ही खेळायचात फार वाईट. तुमची ती रणगाडाफोड गाडी, तिच्या तोफेला फिरती मान नाही, तोफ वळवायची तर अख्खी गाडी वळवावी लागते. बाजूचा पत्राही पातळ. आणि तुम्ही ती सगळ्यांच्या पुढं दामटत न्यायचात आणि पहिल्या झटक्यात मरायचात. ढाब्यावर मी रोज लांबलचक ट्रेलर बघते. शहाणा ड्रायव्हर आत शिरायच्या आधीच बाहेर कसं पडायचं ते ठरवतो. तुम्हाला तेच शिकवलं. आधी वाट हेरायची, झुडपाच्या अगदी आत नाही, थोडं मागं थांबायचं, म्हणजे गोळा सुटला तरी लवकर दिसत नाही. समोरचा आडवा जाईपर्यंत दम धरायचा. गोळा मारला की बघत बसायचं नाही, जागा सोडायची. मी स्वतः मागच्या टेकडीआड ती लांब पल्ल्याची तोफगाडी घेऊन बसायची. तिला स्वतःला पुढचं काही दिसत नाही, तुम्ही हेरून दाखवाल तेवढंच. गोळा पडायला वेळ लागतो, म्हणून गाडी आहे तिथं नाही, ती पोचेल तिथं मारायचा. तुम्ही पुढं आणि मी मागं, आपण जिंकायला लागलो. लग्नाला दोन वर्षं झाली, पण आपण दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. आणि त्यात मी नव्हते, महारुद्र होता.

एक चूक मात्र झाली. तुम्ही दोन भिंतींच्या मध्ये अडकला होतात, नेमाच्या काचेतून मागचं दिसत नव्हतं. मला तोफेच्या नकाशात वरून तुमची गाडी आणि दोन्ही भिंती दिसत होत्या. आपल्याकडं क्लीनर ट्रकच्या फळीवर थाप मारत ड्रायव्हरला मागं घेतो ना, तसं माझ्या बोटांनी न विचारता टाइप केलं, 'आन दे, आन दे, डावं दाब, आन दे, बस्स.' तुम्ही न बघता बरोबर मागं आलात आणि वाचलात. मग म्हणालात, 'गड्या, तू हायवेकडचा दिसतोस. आमच्या नळदुर्गाकडचा का?' घाबरून मी लातूर टाकलं.

पण तिथून तुम्ही मोकळे झालात. गावाकडचा माणूस म्हणून त्याला एकेक सांगायला लागलात. सुपरवायझर वाट्टेल तसं बोलतो ते त्याला सांगितलंत. खोलीवर एकटं जेवताना घास उतरत नाही, हे त्याला. मला रोज काय सांगायचात, 'जेवलो, मस्त आहे.' मी कानात हेडफोन घालून तुमचा आवाज ऐकायची, तोच आवाज, पण माझ्याशी बोलताना नसतो तसा. एकदा तर रागानं मी मुद्दाम गोळा भलतीकडं मारला आणि तुम्हाला मरू दिलं. 'असू दे भावा, होतं असं,' म्हणालात. माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हा इतकं गोड बोलला नव्हतात. मी आणखीच पेटले. सवत असती तर निदान तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या, इथं कुणाच्या उपटू?

आणि परवा तुम्ही त्याला विचारलंत. 'महारुद्र, मला पुणं सोडून घरी यायचंय. म्हाताऱ्याच्या ढाब्यावर बसायचंय. पण बायकोला पुण्यात ऱ्हायचंय, तिच्या माहेरी सगळीकडं सांगून झालंय. तिच्या मनातनं उतरंन मी. काय करू, तू सांग.' मी तिथंच गेम बंद केला आणि मोरीत जाऊन रडले. त्याच्या नावानं उत्तर देणं जमलं असतं, पण मग तुम्ही आयुष्यभर त्याचे उपकार मानले असते, आणि ते मला सहन झालं नसतं. पुढं पुण्याला राहायला यायला मी हो म्हणाले होते, कारण तुम्हाला तिथं आवडतं असं मला वाटलं. माहेरचं मी बघून घेईन. महारुद्राचं खातं मी काढून टाकलंय, त्याला शोधू नका. मामांना अजून काही बोलले नाही. तुम्हाला परत यायचं असेल तर या. पण आधी मला विचारा. मी हो म्हणणार आहे, तरी विचारा.

तुमचीच, आणि फक्त मीच,
महेश्वरी