एप्रनच्या खिशातला प्लग

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची! दोन खोल्या, खिडकीखाली कालवा आणि किल्ली फक्त माझ्याकडे. मुलगा, ओनो, खोकी वर चढवताना सारखा पुटपुटत होता, की एकाहत्तराव्या वर्षी एकटं राहायचा हट्ट कशाला, आई? वृद्धाश्रमाचे कागद त्याच्या गाडीतच आहेत, मी पाहिलेत. महिनाभर बिनतक्रार राहून दाखवायचं, असं ठरलंय. ‘मला कसले कसले आवाज येतात’ म्हटलं, की माझी रवानगी. मागच्या घरी माळ्यावर चांगले धष्टपुष्ट उंदीर होते, तरी पठ्ठ्याने माझंच डोकं तपासून आणलं!
जुनी भाडेकरीण इथल्या रिवाजाप्रमाणे ओटा, कपाटं, दिवेसुद्धा उचकटून घेऊन गेली. फ्रीज तेवढा ठेवलाय. खालच्या त्यार्क्सबाई म्हणाल्या, त्याला हात लावायलाच ती भ्यायची. मी हसले. एकतीस वर्षं फ्रीज दुरुस्त केलेत मी. मला काय फ्रीज भिववणार!

५ नोव्हेंबर, बुधवार
रात्री चांगलाच बडबडतो. टिक् होतं तो थर्मोस्टॅट. घर्रघर्र म्हणजे कॉम्प्रेसर. पोटात गुडगुडतो तो नळीतला गॅस, आणि कडकन वाजतं ते थंडीने आक्रसणारं प्लास्टिक. लोक उगाच दचकतात.
एकच आवाज ओळखीचा नाही. कॉम्प्रेसर थांबला, की आतून टकटक. तीनदा. गंमत म्हणून मीही दारावर तीनदा वाजवलं.
मग त्याने चारदा वाजवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मागचा पत्रा काढून सगळं तपासलं. एक स्क्रू सैल नाही, नळी कुठे घासत नाही. आत साय, लोणी आणि हेरिंग माशांची बरणी, बस. रात्री पुन्हा टकटक. मग मात्र डोकं फिरलं. पक्कड घेतली, प्लगच कापला आणि एप्रनच्या खिशात टाकला. घे, बोल आता!

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बोलतोय.
घर्रघर्र, गुडगुड, सगळं. कापलेली वायर जमिनीवर लोळतेय आणि साय बर्फासारखी गार. भ्याले मी, खोटं कशाला लिहू? पण ओनोला फोन? मुळीच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
ओनो चहाला आला. खडीसाखर, वर साय. आमच्याकडे तीन कप झाल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नसतं. तिसऱ्या कपाला तो थबकला. म्हणाला, आई, तुझा फ्रीज किती घुरघुरतो गं, टाकून दे ते धूड.
ऐकू आलं त्याला! मी वेडी नाही! आनंदाने रडूच यायला लागलं. खिशात प्लग घट्ट धरला होता. काढून टेबलावर ठेवायचा, एवढंच. पण मग त्याने मला या घरात एक रात्र राहू दिलं नसतं. म्हटलं, जुनी यंत्रं बोलतातच रे, आणि चौथा कप ओतायला गेले. त्याने कपात चमचा ठेवला, म्हणजे पुरे.
जाताना म्हणाला, तू ठणठणीत आहेस, ते कागद मी फाडून टाकतो. जिंकले मी.

११ नोव्हेंबर
आता टकटक नाही. खरवडणं. दाराच्या रबराशी, आतून.

१२ नोव्हेंबर
दाराला फट पडते. बोटभर. दार दाबून लावलं. पुन्हा —
त्यार्क्सबाईंनी जिन्यात विचारलं, रात्री तुमच्याकडे कोण राहायला आलंय? म्हणे दोघांची पावलं वाजतात. म्हटलं, मी नाचते.

१३ नोव्हेंबर
फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसलेय. मांडीवर वही, हाताशी पेचकस. भीती वाटते — वाटते. पण घर माझं आहे. जायचं तर त्याने जावं.
ओनो, हे वाचशील तेव्हा — मी वेडी नव्हते. तूही ऐकलंयस.
टकटक. तीनदा. फट — चार बोटं —
थांब मेल्या! माझ्या घरातलं दार तू नाही उघडायचंस. मीच उघड