रविवार सोडून दहा दिवस

ठाणे, माघ वद्य द्वादशी, शके १८१२

प्रिय सुमे,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालाने पाठवत नाही, बाळकुमची शेवंती भाजीच्या पाटीतून आणून देईल. टपाल तुझे सासरे आधी फोडतात, आणि हे तू एकटीने वाचायचं आहे. इकडे सगळी बरी आहेत. तुझा भाऊ बाळ कचेरीत रुळला. मी मात्र आठ दिवस घरात नुसत्या येरझारा घालतो आहे. काल तुझी आई म्हणाली, अहो, आत्ताच सारवलंय, पायांनी पोपडे काढू नका, प्रदक्षिणाच घालायच्या तर तळ्याला घाला! मासुंद्याला तीन घातल्या. पाय दमले, डोकं काही दमेना.

नोकरी सुटली तरी छापखान्यात मुद्रितं तपासायला मला बोलावतात. सध्या विठ्ठलमास्तरांचं पुस्तक जुळतं आहे, अमेरिकेत राज्य कसं चालतं त्याचं. माझी शाळा म्हणजे छापायच्या अक्षरांच्या खिळ्यांची पेटी, त्यामुळे कळलं नाही ते विचारायची मला लाज नाही. तिथे राजा नाही. लोकांच्या दोन सभा मिळून कायदा करतात. दोन कशाला, विचारलं, तर मास्तर म्हणाले, एकीने घाई केली तर दुसरीने अडवावी. म्हटलं, समजलं, एका चुलीवरच्या दोन जावा. एकीने मीठ टाकलं की दुसरी चाखून बघणार. आणि दोघींचं जमलं तरी अध्यक्षाला पटलं नाही, तर तो कायद्याचा कागद परत धाडू शकतो. त्याला व्हेटो म्हणतात. मास्तरांनी 'निषेध' असा शब्द घातला होता. मी म्हटलं, अहो, निषेध करून माणूस घरी जेवायला जातो. चाललेलं काम जागच्या जागी थांबवायचं, त्याला आपल्या बायका मोडता घालणं म्हणतात. 'नाना, छापील पुस्तकात माजघर आणता काय?' असं म्हणाले खरे, पण शब्द ठेवला.

त्याच्या पुढच्या ओळीने माझं अन्न गोड लागेनासं केलं. सभा चालू असताना अध्यक्षाने रविवार सोडून दहा दिवसांत सहीही केली नाही आणि कागद परतही धाडला नाही, तर तो कायदा पक्का. म्हणजे गप्प बसला तो होकार. नेमकं त्याच दिवशी तुझ्या सासऱ्यांचं पत्र आलं. तुझ्या मंदाकिनीसाठी भिवंडीचं स्थळ पाहिलंय. वर चौतीस वर्षांचा, बिजवर, त्याची पहिलीपासूनची मुलगी आपल्या मंदीपेक्षा वर्षाने मोठी. शेवटी लिहिलंय, 'दहा दिवसांत उत्तर न आल्यास आपला रुकार समजू.' ते रविवार काही सोडायचे नाहीत! मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं. बाळ आला नाही तर चारचौघांत शोभा, म्हणून वरपक्षाला आजोळचा रुकार आधी हवा आहे. म्हणजे सगळ्या कारभारात तेवढा एक मोडता माझ्या हातात, आणि मी आठ दिवस तोंडात गुळणी धरून बसलोय.

भीती मला त्यांची नाही गं. 'नाही' लिहायला टाक उचलला की तुझ्या सासूबाईंचा आवाज कानात येतो, माहेरच्यांनी पढवलं म्हणून. मोडता मी इथे ठाण्यात घालणार आणि ठेच तिथे कल्याणात तुला लागणार. आणि दुसरंही एक आहे. तुझ्या वेळी मी सगळ्यांना विचारलं होतं. तुझ्या आईला, काकांना, जोशीबुवांना, छापखान्याच्या मालकांनासुद्धा. तू तेव्हा आठ वर्षांची, माझ्याशेजारी बसून खिळे ज्याच्या त्याच्या घरात टाकत होतीस. खिळ्यांवरून अक्षरं शिकलीस म्हणून तुझा 'ग' कित्येक महिने उलटा यायचा. हाताच्या अंतरावर होतीस, आणि विचारायची तेवढी तूच राहिलीस. हल्ली मुलींच्या संमतिवयाच्या कायद्यावरून संमती, संमती म्हणून वर्तमानपत्रं एकमेकांच्या उरावर बसली आहेत. शेजारी माझं मत विचारतात, मी पंचांगात डोकं घालतो.

गेल्या पत्रात तू लिहिलंस, 'स्थळ सर्वांना पसंत आहे.' जन्मभर मुद्रितं वाचली, सुमे. गाळलेला शब्द मला दिसतो. त्या सर्वांत तू आहेस की नाहीस, ते तू लिहिलं नाहीस.

म्हणून हा खटाटोप. सोबत दुसरा कागद आहे, तुझ्या सासऱ्यांच्या नावाचा. त्यात आजोळचा रुकार नाही, बाळ लग्नाला येणार नाही, असं स्वच्छ लिहून खाली सही केली आहे, आणि सगळा दोष माझ्या हट्टी स्वभावावर घेतला आहे. पाठवायचा की नाही ते मी ठरवणार नाही. लग्न तुला नको असेल तर कागद शेवंतीला परत दे. ती पुढच्या दाराने जाऊन, ठाण्याच्या नानांनी दिलाय म्हणून तुझ्या सासऱ्यांच्या हातात ठेवील. तुझं नाव कुठे यायचं नाही. हवं असेल तर चुलीत घाल, मी आनंदाने अक्षता टाकायला येईन. मंदीलाही विचार. लाजेल, हसेल, पळून जाईल, तरी विचार. भाजी निवडून होईपर्यंत शेवंती परसदारी थांबेल. आणि तुझ्याच्याने काही बोलवलं नाही, तर तो मी होकार धरणार नाही. परवा सकाळच्या गाडीने कल्याणला येईन, तुझ्या दारात उभा राहीन आणि सगळ्यांच्या देखत तुलाच विचारीन.

तुझाच,
नाना