कपाटातला दिवा

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभरात पासपोर्टचे दोन. तिसरा आला तो फोटो फोनमध्ये घेऊनच. घरच्या भिंतीसमोर बायकोनं काढलेला. "मागचं फक्त पांढरं करा आणि प्रिंट द्या." दिली. स्टूल, पडदा, दोन लाइट सगळे उभे होते, कोणाला विचारलं नाही त्यानं. मलाही नाही.

संध्याकाळी सुनंदाबरोबर मांडवीच्या किनाऱ्यावर. पाऊस थांबलेला, आभाळ तांबूस. माझ्या गळ्यात कॅमेरा, तिच्या हातात फोन. मी उजेड मोजत बसलो, तिनं चालता चालता एक काढला. घरी येऊन दोन्ही बघितले. माझ्यात आभाळ आलं तर माणसं काळी, माणसं आली तर आभाळ पांढरं. तिच्यात दोन्ही. मी म्हटलं, मोठा करून बघ, त्या बाईच्या गालावर कातडी उरलेली नाही, फोननं सगळं लिंपून टाकलंय. ती म्हणाली, "भिंग लावून कोण बघतंय हो?" पस्तीस वर्षांच्या संसारात हिला मला गप्प करायला दोन वाक्यं कधी लागली नाहीत.

मग नेहमीचं ऐकवलं. फोन पाण्यात पडला की संपलं. निगेटिव्ह राहते. माझ्या दुकानामागच्या कपाटात अख्खी रत्नागिरी आहे, पाकिटं घालून, नंबर टाकून. आत बारा महिने दिवा चालू. काकांनी, ज्यांच्या हाताखाली शिकलो, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: कोकणात कॅमेऱ्याला दिव्याच्या सोबतीनं ठेवायचं, नाहीतर बुरशी खाते. आणि पावसाळ्यात कपाट उघडायचं नाही.

आजही दुकान बंद करताना कपाटाच्या फटीतून उजेड बघितला होता. रोज बघतो. बरं वाटतं.

५ ऑगस्ट

इस्माईल आला. राजिवड्याचा, शाळेपासूनचा. तीस-बत्तीस वर्षं कुवेतला, यंदा उन्हाळ्यात कायमचा परतला. दाढी पांढरी, चालणं अजून तसंच, एक खांदा पुढे.

चहा झाला. मग म्हणाला, "अन्या, आयचा फोटू पायजे."

त्याच्या आईला मी खाला म्हणायचो, त्यांच्यात मावशीला म्हणतात तसं. ईदला सांदणं पाठवायची, माझ्यासाठी वेगळी बांधून. फोटो म्हटलं की तोंड फिरवायची. आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यापुढे बसली, हजच्या पासपोर्टसाठी, माझ्या याच दुकानात. दुकान तेव्हा नवं होतं. ती गेली तेव्हा इस्माईल तिकडे. रजा मिळाली नाही, माती द्यायला आला नाही. तो पासपोर्ट इस्माईलच्या भावाकडे पेटीत होता. पेटीला वाळवी लागली.

फोन काढून दाखवला. अकरा हजार फोटो. नातवंडं, बिर्याणी, विमानतळ, कोणाची तरी गाडी. "ह्यात आय नाय." मग खाली बघत म्हणाला, "चेहरा आठवत नाय रे आता. आवाज येतो. हात आठवतात. तोंड येत नाय. भिंतीवर लावायचा नाय मला, पाकिटात ठेवीन."

मी म्हटलं, आहे माझ्याकडे. एवढंच काय, दोन आहेत.

त्यानं कप खाली ठेवला.

६ ऑगस्ट

जुनं रजिस्टर काढलं. खाला, हज, २ निगे. माझंच अक्षर, तेव्हाचं, बरं होतं.

दोन का, तर माझी पद्धत. पहिला पासपोर्टचा, सरकारला द्यायचा. मग म्हणायचं, "झालं हो, उठा," आणि माणूस सुटकेचा श्वास सोडतो तेव्हा दुसरा. तो कोणी मागत नाही. माझ्यासाठी. खाला उठता उठता हसली होती आणि तेव्हाच मी दाबलं. तिला कळलंही. "दुसरा काढलास ना रे, लबाडा?" त्याची प्रिंट कधी केली नाही.

सु.ला सांगितलं. म्हटलं, बघ, अकरा हजारांत नाही ते माझ्या दोनांत आहे. एकदम फुगलो होतो. ती म्हणाली, "मग आजच काढा की." म्हटलं पाऊस आहे, दमट हवा आत जाईल. उघडीप होऊ दे.

इस्माईलचे दोन फोन. उघडीप झाली काय?

१० ऑगस्ट, रविवार

उघडीप. अकराला कपाट उघडलं.

वास आला तेव्हाच कळलं.

१० ऑगस्ट, दुपार

लिहून ठेवतो नाहीतर उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

पाकिटं एकमेकांना चिकटलेली, वीट झालेली. सोडवायला गेलो तर फिल्मचा थर कागदाबरोबर आला. वर पांढरी लव. वरच्या कप्प्यातले कॅमेरे, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. पंचाऐंशी एमएमची, जिनं निम्म्या गावाची लग्नं झाली, तिच्यातून आरपार काही दिसत नाही.

मला समजेना. दिवा चालू होता. रोज बघत होतो. आत्ताही समोर जळत होता, लख्ख पांढरा.

हात लावला. काच गार.

मग समजलं. जुना पिवळा बल्ब गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, ते आता येत नाहीत, हा घ्या एलईडी, उजेड दुप्पट. मी लावला. मीच. स्टुलावर चढून. हा चौथा पावसाळा; मधल्या उन्हाळ्यांतही कपाट उघडलं नाही, जुनं कोणी मागायला आलंच नाही. काका दिव्याची सोबत म्हणायचे ती उजेडाची नव्हती, उबेची होती. जुना बल्ब हात भाजेल एवढा तापायचा, त्यानं कपाट कोरडं राहायचं. चाळीस वर्षं उजेडाचं काम करतोय आणि एवढं डोक्यात आलं नाही. फटीतून लख्ख दिसायचं म्हणून उलट खूश होतो.

ओंजळीत पाकिटं घेऊन किती वेळ बसलो होतो. आत कोणकोण होतं. बारशी, सत्तराव्या शांती, पहिली नोकरी लागलेले, बुडून गेलेला मिरकरवाड्याचा एक तांडेल, होडीवरचा मुख्य. त्यातले निम्मे माझ्या कपाटातच काय ते होते.

११ ऑगस्ट

दुकान उघडलं नाही.

सु.ला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीच म्हटलं होतं तेव्हा, सगळीकडे नवीन दिवे लावा म्हणून." तिनं घरातल्या दिव्यांबद्दल म्हटलं होतं. कपाटाचं तिला माहीतसुद्धा नव्हतं. मला ते बोलायला हवं होतं. नाही बोललो. दोष घ्यायला दुसरं कोणी आहे म्हटल्यावर जरा बरं वाटलं, इतका मी नीच.

इस्माईलचा फोन वाजत होता. उचलला नाही.

१३ ऑगस्ट

खालाचं पाकीट सापडलं. विटेच्या मधलं, कडेनं जरा सुकं. जीव भांड्यात पडतोय असं क्षणभर वाटलं.

शुद्ध पाण्यात भिजत घातली पट्टी. हळूहळू सुटेल म्हणून. अर्ध्या तासानं थर सुटला तो फिल्मवरूनच. दुधावरच्या सायीसारखा तरंगत आला, हात लावला तसा फाटला. दुसरा फोटो, हसणारा, तो गेला. माझ्या डोळ्यांदेखत ट्रेमध्ये विरघळला.

पहिला अर्धा राहिला. भिंगाखाली धरला, मला नुसतं ढगाळ दिसत होतं. सु.नं पट्टी खिडकीच्या काचेला लावली, फोन धरला, काहीतरी दाबलं, काळ्याचं पांढरं झालं. खांदा दिसला. ओढणीचा काठ. एक कान, त्यात बुगडीचा ठिपका. माझ्या भिंगाला न दिसलेलं त्या फोनला दिसलं, भांडायला जीव राहिला नाही.

कानाच्या पुढे, जिथं चेहरा हवा, तिथं बुरशीचं गोल फूल.

"हनुवटी आहे बघा थोडी," सु. म्हणाली. नव्हती. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

१५ ऑगस्ट

सकाळपासून सगळ्यांचे झेंड्यांचे फोटो येतायत. सगळे फोकसमध्ये.

दुकान बंदच. सु. म्हणते, जा आणि सांगून या, असे किती दिवस लपणार. बरोबर आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

गेलो नाही. तोच आला.

दारातच सांगितलं. दिवा, बुरशी, सगळं. सु.नं स्वतःवर घेतलेला दोष तिथं तरी खोडला, एलईडी मीच लावला म्हणालो. तो ऐकत होता. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"असू दे," म्हणाला. "तू काय मुद्दाम केलंस?"

कान आणि ओढणी दाखवली. फोन हातात घेऊन बघत राहिला. दोन बोटांनी मोठं करत गेला, कान, बुगडी, मग नुसते चौकोन. "ओढणी हिरवी व्हती," म्हणाला. मग, "तू बघितलीस ना तिला. असा समोर बसवून. माझ्यापेक्षा जास्त तू बघितलीस. सांग कशी व्हती."

मी सांगायला लागलो. नाक सरळ. कपाळ मोठं. तो मान हलवत होता, गोष्ट ऐकणाऱ्या लहान पोरासारखा. सांगता सांगता लक्षात आलं की मी कोणाचं तरी सांगतोय. कोणाही म्हातारीचं. मी चेहरे बघतो ते निगेटिव्हवर, केस पांढरे, तोंड काळं, उलटं. सुलटी खाला मला तरी कुठं आठवतेय.

मग त्यानं विचारलं, "आयला इथं, भुवईजवळ, तीळ व्हता काय रे? मला वाटतं व्हता. ताय म्हणते नव्हता."

मी म्हणालो, "नाय. मला तरी नाय दिसला."

१६ ऑगस्ट, पुढे

तीळ होता.

खालाचं मला खात्रीनं काही आठवत असेल तर तेवढंच. मोठा, उजव्या भुवईच्या टोकाला. निगेटिव्हवर पारदर्शक टिंब दिसायचं. मी पेन्सिलला टोक काढून त्यावर हलकेच ठिपका दिला आणि प्रिंटमधून तीळ घालवला. तिनं सांगितलं नव्हतं. तेव्हा तसंच करायचो सगळ्यांचं. वांग, देवीचे वण, तीळ. माणूस साफ दिसला पाहिजे, काकांची शिकवण. आणि मी सु.ला सांगत फिरतो फोन लिंपतो म्हणून.

खोटं का बोललो? बुरशीचं सांगून झालं होतं, अजून एक सांगायचं त्राण नव्हतं. तुझ्या आईचा चेहरा मी दोनदा घालवला, असं कोणत्या तोंडानं सांगू? आणि बहीण नाही म्हणते ती का, तर तिनंही तो पासपोर्टच बघितलेला असणार इतकी वर्षं. माझी पेन्सिल.

२० ऑगस्ट

दुकान उघडलं. एक बाई सासूचा फोटो मोठा करायला घेऊन आली, लग्नाच्या गर्दीतला, कोपऱ्यातला. फोनवरचा. सासू हलली होती. "काही करता येईल का?" पूर्वी मी बरंच बोललो असतो. आज म्हटलं बघतो.

गणपती आठवड्यावर. चाकरमानी येतील, सगळ्यांच्या हातात फोन. पूर्वी आरास झाली की घराघरातून पोरगा मला फोटोसाठी बोलवायला यायचा. असो.

इस्माईलच्या नातीला म्हणे एक ॲप सापडलंय. घरातल्यांचे चेहरे घालायचे, वर्णन लिहायचं, ते गेलेल्या माणसाचा फोटो करून देतं. इस्माईलनं स्वतःचा घातला, बहिणीचा घातला, मी दिलेला कान आणि ओढणी घातली. आणि मी सांगितलेलं. नाक सरळ, कपाळ मोठं.

हे सगळं त्यानंच फोनवर सांगितलं, आवाज एकदम आनंदी.

२३ ऑगस्ट, शनिवार

राजापूरहून एकानं जुना पिवळा बल्ब आणून दिला, त्याच्या माळ्यावर पडलेला. कपाटात लावला. तापतो. कपाट रिकामं आहे. रिकामंच गरम होतंय.

सु. म्हणाली, "कशाला आता?"

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारी फोटो आला.

फोन सु.चा, माझ्याकडे आणून दिला आणि ती आत गेली.

एक बाई. साठीची. हिरवी ओढणी. अगदी सुरेख उजेड, डावीकडून, मी दिला असता तसाच. डोळ्यांत उजेडाचा ठिपकासुद्धा बरोबर जागी. ओठ हसायच्या बेतात. इस्माईलचं नाक, बहिणीचं कपाळ. एकेक पापणी मोजून घ्यावी. मोठा करून बघितला, या वेळी कातडीसुद्धा आहे, सुरकुत्या आहेत, सगळं आहे. मी आयुष्यात इतका चांगला फोटो काढलेला नाही.

बघता बघता वाटायला लागलं की हीच खाला. आता डोळे मिटले तरी हीच येते. जी थोडीफार होती तीही गेली.

उजव्या भुवईच्या टोकाला काही नाही. साफ.

खाली इस्माईलचा आवाज, रेकॉर्ड केलेला. तीनदा ऐकला.

"अन्या, बघ. मला तर तीच वाटते. पन माझा काय भरोसा, मला तोंडच आठवत नव्हता. ताय रडली बघून. नातीनं तीळ घातला व्हता आधी, मीच काढायला लावला, तू नाय म्हनालास म्हणून. तू बघितलीस, तू सांग. तू हो म्हनालास का पाकिटात ठेवतो."

नाही म्हटलं तर त्याच्याकडे पुन्हा काही नाही. हो म्हटलं तर मरेपर्यंत तो या बाईला आई म्हणून बघेल. आणि नुसतं तिळाचं सांगितलं, तर नात दोन मिनिटांत घालेल, उजवीकडे, हवा तेवढा. मग तरी ती खाला होईल काय? मला माहीत नाही. पण तीळ तिचा होता. त्या फोटोत खरं असं तेवढंच एक असलं असतं.

साडेपाच झाले. सु.नं चहा ठेवला तो निवला. बघितल्याच्या दोन निळ्या खुणा इस्माईलला केव्हाच दिसल्या असतील. तो वाट बघतोय, वर नावाखाली मधूनच "टाइप करत आहे" येतं आणि जातं.

मी "इस्माईल" एवढंच लिहिलंय. अजून पाठवलेलं नाही.