‘गंज’चा दुसरा अल्बम

४ नोव्हेंबर २००३

जितेशने आज माझं गाणं कापलं. "थोडं छोटं करूया," म्हणाला आणि दोन कडवी गेली. राहिलं ते धृपद, तेही गिटारखाली दबलेलं. दुसरा अल्बम पहिल्यासारखा नको, हे चौघांनी मिळून ठरवलंय. मीही हो म्हटलं होतं.

बँड ग्रंज म्हणजे कर्कश रॉक वाजवणारा, नाव ‘गंज’ — कॉलेजात लोक हसायचे. जितेशची गिटार, अमोलचा बेस, चंदनचे ड्रम्स आणि माझा ओरडा. पहिली कॅसेट निघाल्यावर रिक्षाच्या लाइनीत एका पोराने विचारलं होतं, "तुम्हीच का त्या, गंजवाल्या?" त्यावर मी कितीतरी दिवस काढले.

१२ नोव्हेंबर

गोडदेवच्या गाळ्यात. गाळा जितेशच्या काकांचा. आधी तिथे भांड्यांचा माल असायचा, आता भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून आमचा स्टुडिओ. शेजारी स्टीलच्या डब्यांना पॉलिश करतात. ते मशीन आत ऐकू येतं म्हणून गेल्या वर्षी आम्ही भांडायला गेलो होतो. आज जितेश स्वतः माइक घेऊन तिकडे गेला आणि दुपारभर तोच आवाज रेकॉर्ड करत बसला. चंदन पत्र्याच्या पिंपावर वाजवत होता, खूश.

मी स्टुलावर.

"मिनल, तेरा बाद में करते हैं," जितेश म्हणाला. नंतर काहीच झालं नाही.

१९ नोव्हेंबर

नुसती बसून आले.

३० नोव्हेंबर

काल कामावर, कुरिअर ऑफिसात, शेजारच्या टेबलावरच्या शुभदाने विचारलं, "काय गं, रेकॉर्डिंग कसं चाललंय?" मी म्हटलं, मस्त. वर दोन गाण्यांची नावंही सांगितली. त्यातलं एक आता नाहीच आहे. का सांगितलं कोण जाणे.

घरी बाबा आणि मी, दोघंच. बोलणं म्हणजे — जेवलीस? हो. गॅस बंद केलास? हो. मग ते टीव्हीकडे आणि मी खिडकीकडे. गाण्याचा विषय तर कधीच नाही. कॅसेट निघाली तेव्हा त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि शोकेसवर ठेवली. "नाव काय, तर म्हणे गंज." ऐकली नाही.

१४ डिसेंबर

जितेश धजत नव्हता म्हणून शेवटी अमोलने सांगितलं. अल्बममध्ये आता शब्दच नाहीत. एकही गाणं नाही.

"तुझ्यामुळे नाही गं. गाणं आलं की सगळं जुन्यासारखं ऐकू येतं."

म्हणजे माझ्यासारखं.

मी विचारलं, "मग मी काय करू?" अमोल बेसच्या तारा पुसत राहिला. चांगला आहे तो, खोटं बोलता येत नाही त्याला.

जेसल पार्कला घरी न जाता तशीच पुढे खाडीवर जाऊन बसले. कुणालातरी फोन करावासा वाटला. मोबाइल काढला, तर अशा वेळी करण्यासारखे नंबर त्या तिघांचेच.

३१ डिसेंबर

बिल्डिंगच्या गच्चीवर पार्टी. गेले नाही.

११ जानेवारी २००४

एवढ्या दिवसांनी जितेशचा फोन — ये. गेले. गाळ्यात तो एकटाच होता. हेडफोन दिला. "बोलू नको. फक्त ऐक."

माझी जुनी रेकॉर्डिंग त्याने कॉम्प्युटरवर घेतली आहेत. सगळे शब्द पुसलेत आणि प्रत्येक ओळीआधी मी जो श्वास घेते, तेवढा ठेवलाय. एक श्वास, मग दुसरा, मग तिसरा. खाली ते पॉलिशचं मशीन, अगदी लांबून आल्यासारखं. दर वेळी वाटतं, आता ही गाणार. ती गातच नाही.

वाईट झालं असतं तर भांडता आलं असतं. पण फार चांगलं झालंय!

"कैसा है?"

"चांगलंय."

"सच बोल."

"खरंच चांगलंय. ठेव ते. पण यापुढे मी येणार नाही."

"अरे यार, का? तूच तर आहेस यात सगळीकडे."

"मी कुठे आहे, जितेश? गायच्या आधीचीच आहे फक्त."

त्याला कळलं की नाही, माहीत नाही. निघताना त्याने सीडी हातात दिली. मी घेतली.

१२ जानेवारी

रडू आलं नाही. डोकं दुखतंय.

२५ जानेवारी

रविवार. कुणाचाच फोन नाही. रियाज करायला उभी राहिले, तोंड उघडलं, आणि मिटलं.

८ फेब्रुवारी

बाबा बाजारात गेलेत असं बघून पहिल्यांदाच घरी ती सीडी लावली. ते कधी परत आले कळलंच नाही. मासळीची पिशवी हातात तशीच, दारात उभे. संपेपर्यंत हलले नाहीत.

"ही तू ना गो?"

"कशावरून? यात कुणी गातच नाही, बाबा."

"तुझी आई असाच श्वास घ्यायची. गायला लागायच्या आधी."

आई वारली तेव्हा मी दीड वर्षाची होते. ती गायची, हे मला आज कळलं.

बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "परत लाव," म्हणाले.