एक सूत

गुरुवार, संध्याकाळ

खांदे भरून आलेत. दोन दिवस रंधा मारला आणि शेवटी फळी वायाच घालवली. नानांनी वर्षानुवर्षं जपलेली देवदाराची फळी, गिटारच्या पुढच्या अंगासाठी काढून दिलेली. दीड सूत, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर जाड होती. खाटेवरून नाना म्हणाले, एक सूत ठेव. रंध्याच्या आवाजात मला फक्त ‘एक सूत’ ऐकू आलं आणि मी एक सूत काढलं. पुन्हा विचारायला काय झालं होतं मला? आता अर्धंच उरलंय. उजेडात धरली तर मागची बोटं दिसतात.

वाटलं, नाना ओरडतील. त्यांनी फळी कानाशी धरली, टिचकी मारली. म्हणाले, “तुनी चूक नही शे. मना आवाजच पातळ व्हई गया.”

माझ्या लहानपणी नानांच्या याच आवाजाला अख्खी गल्ली दचकायची.