अर्धं छप्पर

ओमिया,
१४ जानेवारी

ती. ताईस,
मासातोचा सा. न. वि. वि.

बर्फाचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. छपरांवरचा बर्फ काढणारे कुमागाइ सांगत होते, ते माणसं घेऊन आले तर तू आतून कडी घातलीस आणि खिडकीतूनच त्यांना पिटाळलंस. अगं, दवाखाना, दुकानं, सगळ्यांनी त्यांना आधीच ठरवून ठेवलंय. मी हातापाया पडून तुझा नंबर लावला होता! पुन्हा जोराचा बर्फ पडणार म्हणतात. मीच आलो असतो, पण तुमच्याकडच्या गाड्या बंद आहेत. लहानपणी तुझ्या हट्टाचं हसू यायचं, आता भीती वाटते.

होकार लगेच कळव. हवं तर रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मासातो

ओकुसावा,
१९ जानेवारी

चि. मासातोस अनेक आशीर्वाद.

आता ताईला दटावण्याएवढा झालास तर! पण ऐक. तुझे भावोजी याच छपरावरून पडले. त्यांना बर्फाखालून मी उकरून काढलं, ते तू पाहिलं नाहीस. ही माणसंही तशीच चढत होती, कमरेला दोर नाही. दोर बांधा म्हटलं तर कुमागाइ हसला. म्हणाला, आजी, दोर बांधत बसलो तर उन्हाळा उजाडेल. त्याला दोन मुली आहेत रे. उद्या त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

तुझ्यापासून लपवत नाही, देव्हाऱ्याच्या खोलीचं सरकतं दार कालपासून हलत नाही. बर्फाच्या भाराने वरची तुळई कुरकुरतेय. मी अंथरूण स्वयंपाकघरात आणलंय. दोर बांधणार असेल तरच त्याला पाठव.

मुलांना थंडीत सांभाळ. जीव तुमच्यातच अडकलेला असतो.

ताई

ओकुसावा,
२७ जानेवारी

चि. मासातोस अनेक आशीर्वाद.

तुझ्या विनवण्यांना यश आलं, काल कुमागाइ आला. दोर बांधताना जोडीदाराला म्हणत होता, लग्नातसुद्धा मला इतकं करकचून बांधलं नव्हतं. दोराचं दुसरं टोक आढ्यावरून पलीकडे नेऊन अंगणातल्या झाडाला बांधलं.

एक बाजू मोकळी होत आली आणि त्याच्या पायाखालचा बर्फाचा थर सुटला. धाडकन आवाज झाला. पाहते तर कुमागाइ दोराने वळचणीला लोंबकळतोय, खाली बर्फाचा ढीग. जोडीदाराने आणि मी त्याला शिडीवर ओढून घेतलं. माझ्या तोंडून त्याचं नाव निघायच्या ऐवजी तुझ्या भावोजींचं निघत होतं.

घरात आणून शेगडीपाशी बसवलं. मिसोचं गरम सूप मीच त्याला पाजलं. अंगात ऊब आली तसा उठला आणि म्हणाला, दुसरी बाजू राहिलीय. मी शिडीला मिठी मारून उभी राहिले. तो ओरडला, म्हातारे, घर बसेल तुझं! म्हटलं, बसू दे. शेवटी दुसरी बाजू तशीच टाकून दोघं परत गेले.

मासातो, हे घर सोडणार नाही म्हणून तुझ्याशी किती वर्षं भांडले. पण मी इथे राहिले की दर हिवाळ्यात कुणाला तरी वर चढावंच लागणार. तुझ्या भावोजींचा फोटो घेऊन शेजारी येऊन राहिलेय. गाड्या सुरू झाल्या की निघते. तुझ्या बायकोला सांगून ठेव, मी स्वयंपाकात लुडबुड करणार.

आणि घर पडल्याचं तुला आधी कळलं, तर मला लगेच सांगू नकोस. जेवण झाल्यावर सांग.

बाकी भेटीत.

तुझी ताई